शनिवार रात्रीची गोळी आणि रविवारचा थकवा

नोकरदार माणसाच्या आठवड्यात शनिवारच्या रात्रीला एक वेगळे स्थान असते. दुसऱ्या दिवशी गजर नसतो, हार्बर मार्गावरची ठरलेली गाडी गाठायची नसते, शाळेची घंटा नसते. नवी मुंबईतील ज्या घरांत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताने मुक्काम ठोकला आहे, त्यांपैकी अनेक घरांत मात्र ही रात्र औषधाची असते. मेथोट्रेक्सेट नावाच्या बारीक गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या असतात. त्यानंतरचा दिवस मळमळीत, जड डोक्याने आणि गळून गेलेल्या अंगाने काढावा लागतो, हे पुष्कळ रुग्णांना अनुभवाने ठाऊक झालेले असते. म्हणून मुलांना शिकविणारी शिक्षिका किंवा बेलापूरच्या एखाद्या कचेरीतील लिपिक या गोळीसाठी शनिवार निवडतो. सोमवारी टेबलापाशी बसता यावे म्हणून रविवार औषधाला देऊन टाकायचा, असा हा व्यवहार आहे. आठवड्याची एकुलती एक सुटी अशा रीतीने वर्षानुवर्षे खर्ची पडते आणि तिची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही.

सर्वच रुग्णांना असा त्रास होतो असे नव्हे. कित्येकांना ही गोळी निर्वेधपणे मानवते. परंतु ज्यांना मानवत नाही त्यांचे काय, आणि औषध मानवूनही ज्यांचा थकवा हटत नाही त्यांचे काय, हा प्रश्न आजवर रुग्ण आणि त्याची उशी यांच्यापुरताच राहिला आहे. तो डॉक्टरांचा, कचेरीचा आणि शहराचाही आहे, हे मान्य करण्याची वेळ आलेली आहे.

म्हातारपणाचे दुखणे नव्हे

या आजाराबद्दलचा पहिला गैरसमज नावापासून सुरू होतो. संधिवात म्हटले की काठी टेकीत चालणारी आजी डोळ्यांपुढे येते. झिजलेल्या गुडघ्यांचे ते दुखणे वेगळे आणि हे वेगळे. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वत:च्या सांध्यांवर उलटते. बोटे, मनगटे, पावले यांचे सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात, सकाळी तासभर तरी हात धड मिटत नाहीत, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर पहिल्या एक-दोन वर्षांतच हाडे कुरतडली जाऊ लागतात. पुरुषांच्या मानाने स्त्रियांमध्ये हा विकार दुप्पट-तिप्पट आढळतो आणि तो बहुधा भर उमेदीच्या वयात येतो. मुले शाळेत आहेत, घराचे हप्ते चालू आहेत, नोकरीत बढती जवळ आली आहे, असा हा काळ असतो.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन स्नायू व सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आखलेल्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा तो भाग होता. ग्रामीण माणसाची सर्वांत मोठी तक्रार हाडे, स्नायू आणि सांध्यांच्या वेदनेची आहे, हे त्या पाहणीने दाखवून दिले. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांवरून ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण दर हजार प्रौढांमागे सुमारे पाच ते आठ असे धरले जाते. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत अकरा लाखांवर वस्ती होती. त्या आकड्यावर केवळ अंदाजापुरता हिशेब केला तरी या एका शहरात असे काही हजार रुग्ण असले पाहिजेत. रोज सकाळी वाशी, नेरुळ, ऐरोलीच्या फलाटांवर उभ्या असणाऱ्या गर्दीत ते असतात. फक्त ते ओळखू येत नाहीत.

जे मोजले जात नाही

ओळखू न येण्याचे एक कारण थकवा हे आहे. सुजलेले बोट दाखविता येते, वाकडे झालेले मनगट क्ष-किरणांत दिसते. थकवा दाखविता येत नाही. हा थकवा दिवसभराच्या कामाने येणाऱ्या शिणवट्यासारखा नसतो. तो काम न करताही येतो, झोपेने जात नाही आणि केव्हा येईल याचा नेम नसतो. सकाळी बऱ्या वाटणाऱ्या बाईला दुपारी भाजीची पिशवी उचलणे अशक्य होते, आणि सकाळी तिला हिंडताना पाहिलेल्या शेजारणीला दुपारची स्थिती पटत नाही.

या थकव्याची कारणे शरीरात आहेत. सांध्यांत दाह पेटविणारी रसायने रक्तातून सर्व शरीरात आणि मेंदूपर्यंत पोहोचतात. फ्लूच्या तापात अंग मोडून येते त्याच जातीची ही अवस्था आहे, फरक इतकाच की फ्लू आठवड्यात उतरतो. दीर्घ दाहामुळे रक्तक्षय होतो. दुखण्यामुळे रात्रीची झोप तुटते. वापर कमी झाल्याने स्नायू रोडावतात. त्यात मनाची खिन्नता मिसळते आणि काहींच्या बाबतीत औषधांचा परिणामही. इतकी कारणे एकत्र गुंफलेली असल्यामुळे एका गोळीने थकवा जाईल ही आशा व्यर्थ ठरते.

वैद्यकशास्त्रानेही या तक्रारीची दखल उशिराच घेतली. आजाराची तीव्रता मोजण्याची जी पद्धत जगभर रूढ आहे तीत सुजलेले सांधे, दुखरे सांधे आणि रक्तातील दाहाचे प्रमाण मोजले जाते. थकव्याला तीत स्वतंत्र स्थान नाही. या विकारावरील औषधांच्या चाचण्यांत थकव्याचे मोजमाप करावे अशी शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने २००७ मध्ये केली, आणि तीही रुग्णांनी आग्रह धरल्यानंतर. तेव्हा ‘रिपोर्ट चांगले आहेत, मग तक्रार कसली?’ असे डॉक्टर विचारतात यात त्यांचा सर्वस्वी दोष नाही. ज्याचा रकानाच कागदावर नाही, ते कागदावर येणार तरी कसे?

औषधाचे ऋण आणि औषधाची किंमत

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुष्परिणामांची चर्चा म्हणजे औषधांविरुद्धची तक्रार असा अर्थ कोणी काढू नये. या आजाराचा इतिहास पाहिला तर औषधांचे ऋण फार मोठे आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट मुंबईशी जुळलेला आहे.

ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधक १९२८ मध्ये मुंबईस आली. गिरणी कामगारांच्या वस्तीतील गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. परळच्या हाफकिन संस्थेत तिचे काम चालले. यीस्टच्या साध्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो असे तिला आढळले, आणि १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेले फॉलिक ॲसिड. आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकेतील चमूने १९४० नंतरच्या दशकात हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले आणि त्याचबरोबर त्याच्या कार्याला अटकाव करणारी द्रव्येही घडविली. रक्ताच्या कर्करोगाने पछाडलेल्या मुलांवर सिडनी फार्बर यांनी त्यांतील एक द्रव्य वापरले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट कर्करोगाच्या मात्रेपेक्षा कितीतरी अल्प प्रमाणात दिल्यास संधिवातास आवर घालते, हे पुढे सिद्ध झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्यास या आजारासाठी रीतसर मान्यता मिळाली. आज जगभर उपचारांचा पाया हेच औषध आहे. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून रुग्णाला जी दुसरी गोळी दिली जाते ती फॉलिक ॲसिडची. परळच्या गरीब बायकांच्या रक्तक्षयातून ज्याचा माग लागला, ते द्रव्य आज नवी मुंबईच्या रुग्णाचा रविवार सुसह्य करण्यास हातभार लावते आहे.

दुसरी कथा कॉर्टिसोनची. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली फिलिप हेंच यांनी ते संधिवाताच्या रुग्णांना दिले, तेव्हा खिळलेले रुग्ण चालू लागले. अवघ्या दोन वर्षांत, १९५० मध्ये, या कार्याला नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, रक्तदाब, जंतुसंसर्ग अशी त्याची किंमतही लवकरच दिसू लागली. आज जाणते डॉक्टर स्टेरॉइड अल्प मात्रेत व अल्पकाळ देतात. मात्र ‘हमखास गुण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे प्रकार वारंवार उघडकीस येतात. चार दिवसांत दुखणे पळविणारी पुडी चार वर्षांत काय करील, याचा विचार घेणाऱ्याने करावयास हवा. असे औषध दीर्घकाळ पोटात गेल्यावर ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून पुडी लपविण्यापेक्षा ती डॉक्टरांपुढे ठेवणे शहाणपणाचे.

गुपचूप सोडलेली गोळी

दुष्परिणामांची खरी हानी अनेकदा दुष्परिणामांमुळे होत नाही. ती त्यांविषयीच्या मौनामुळे होते. रुग्णाला मळमळ होते, तोंड येते, केस गळतात. डॉक्टरांसमोर मिळालेली पाच मिनिटे रक्ताचे अहवाल दाखविण्यात जातात. घरी कोणी तरी म्हणते, ‘ही कॅन्सरची गोळी आहे, कशाला घेतेस?’ आणि मग गोळी गुपचूप बंद होते. काही आठवडे बरे वाटते. नंतर दाह पुन्हा उसळतो, आणि त्याच्याबरोबर आजाराचा मूळ थकवाही दामदुपटीने परत येतो. दरम्यान सांध्यांची झालेली झीज भरून येत नाही.

वस्तुत: या त्रासावर उपाय आहेत. फॉलिक ॲसिडची मात्रा व दिवस बदलता येतात, गोळ्या जेवणानंतर किंवा झोपताना घेता येतात, एकाच दिवसात विभागून देता येतात, गोळीऐवजी इंजेक्शन देता येते, आणि काहीच मानवले नाही तर औषध बदलता येते. सल्फासॅलॅझिन, लेफ्लुनोमाइड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही पर्यायी औषधे आहेत, आणि त्यांपैकी सल्फासॅलॅझिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. प्रत्येकाची वेगळी पथ्ये आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्याने नेत्रपटलाची तपासणी सुरुवातीस आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करून घ्यावयाची असते. महागड्या जैविक औषधांपूर्वी शरीरात दबून राहिलेला क्षय शोधावा लागतो. मेथोट्रेक्सेट घेताना यकृत, मूत्रपिंड व रक्तपेशींची नियमित तपासणी हवी. मद्य वर्ज्य, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर औषध पुरेसे आधी थांबवावे लागते. हे बदल रुग्णाने स्वत:च्या मनाने करावयाचे नाहीत. पण ते मागण्याचा अधिकार त्याला आहे, हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे.

एक चूक तर जिवावर बेतणारी आहे. आठवड्याची गोळी रोज घेतली गेल्याने अस्थिमज्जा निकामी होऊन रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत, आणि आपला देशही त्यास अपवाद नाही. रोज घ्यावयाची फॉलिक ॲसिडची गोळी आणि आठवड्याने घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी यांची अदलाबदल हे त्याचे एक कारण. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढेच न लिहिता ‘फक्त शनिवारी’ असे मराठीत, ठळक अक्षरांत लिहिणे आणि औषध विक्रेत्याने ते वाचून दाखविणे, याला पैसा लागत नाही. त्याचप्रमाणे ताप, तोंडातील चट्टे, कोरडा खोकला वा धाप लागणे ही लक्षणे दिसताच थांबून डॉक्टरांकडे जावे, ही सूचना प्रत्येक घरात ठाऊक असली पाहिजे.

नियोजित शहर कोणासाठी?

नवी मुंबई हे आखलेले शहर. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, आणि मुंबईच्या गर्दीत न मिळणारी मोकळी जागा, रुंद रस्ते, घराजवळ शाळा व बाजार यांचे आश्वासन या शहराने मध्यमवर्गाला दिले. ते पुष्कळ अंशी पाळलेही गेले. परंतु सुरुवातीच्या काळातील कित्येक वसाहतींत तीन-चार मजली इमारती उद्वाहकाविना उभ्या राहिल्या. पंचविशीत तिसऱ्या मजल्यावरील घर घेणाऱ्याला पंचेचाळिशीत तेच जिने डोंगरासारखे वाटतात. १९९२ मध्ये रेल्वे वाशीपर्यंत आली तेव्हा शहराचे भाग्य उजळले. पण आजही तासाभराचा उभ्याने प्रवास हा नोकरीचा अलिखित भाग आहे. अपंगांसाठीच्या डब्यात बसावे तर प्रमाणपत्र हवे, आणि सर्वसाधारण डब्यात जागा मागावी तर धडधाकट दिसणारी व्यक्ती जागा का मागते, असा प्रश्न सहप्रवाशांच्या नजरेत उमटतो.

जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे वारे सध्या वाहत आहे. उद्वाहक त्यातून येतीलच. परंतु महापालिकेला त्यापूर्वीही करता येण्याजोगे पुष्कळ आहे. वाशी, नेरुळ, ऐरोली येथे तिची रुग्णालये आहेत आणि वस्त्यावस्त्यांत नागरी आरोग्य केंद्रे आहेत. या केंद्रांत ठरावीक दिवशी संधिवाताच्या औषधांसाठी लागणाऱ्या रक्ततपासण्या झाल्या, त्याच दिवशी एखादी प्रशिक्षित परिचारिका रुग्णाशी औषधांचा त्रास, झोप आणि थकवा यांविषयी दहा मिनिटे बोलली, तर अनेकांची औषधे गुपचूप सुटणार नाहीत. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांसाठी केंद्राने २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. संधिवाताला त्यात स्थान मिळाले नाही. सरकारी विमा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे, आणि हा आजार तर बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर आयुष्य काढणारा. जो पलंगावर आडवा होत नाही, त्याचा खर्च योजनेच्या नजरेत भरत नाही.

रजेच्या नियमांत न बसणारा आजार

शासकीय नियमांत अर्जित रजा आहे, अर्धवेतनी रजा आहे, वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा आहे. ही सारी रजा आजारी माणूस एकदा पडतो, बरा होतो आणि रुजू होतो या समजुतीवर आधारलेली आहे. संधिवाताचा रुग्ण पडतही नाही आणि पुरता बराही होत नाही. त्याला महिन्याची रजा नको असते. सकाळचा एक तास हवा असतो, दुपारी पंधरा मिनिटे पाठ टेकायला हवी असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले. त्या यादीत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे नाव नाही. सांध्यांत व्यंग येऊन हालचालीवर मर्यादा आली तर चलनवलनाच्या अपंगत्वाखाली दाखला मिळू शकतो. लाभांसाठी तो सामान्यत: चाळीस टक्के असावा लागतो. म्हणजे उपचार नीट घेऊन ज्याने आपली बोटे वाकडी होऊ दिली नाहीत, त्याच्या थकव्याला कायद्याच्या मोजपट्टीवर शून्य गुण! त्याच कायद्यात ‘वाजवी सोयी’ची कल्पना आहे आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला कमी करता येणार नाही असे संरक्षणही आहे. या कल्पनेचा आत्मा लक्षात घेतला तर दाखल्याची वाट न पाहताही पुष्कळ करता येते.

शाळांचेच उदाहरण पाहावे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये लहान मुलांच्या झोपेचा विचार करून घेतला. घड्याळ शरीरासाठी वाकविता येते, हे त्यातून मान्य झाले. मग सकाळी खडू धरता न येणाऱ्या शिक्षिकेला दुपारच्या अधिवेशनातील तासिका देणे, तिचा वर्ग तळमजल्यावर ठेवणे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दोन आठवड्यांत विभागून देणे, निवडणुकीच्या कामातून तिला वगळण्याची शिफारस करणे यांत कोणते संकट कोसळते? कचेरीत लिपिकाची बैठक जिन्यापासून जवळ आणणे, सलग टंकलेखनाऐवजी मधूनमधून दुसरे काम देणे याला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. मुख्याध्यापकाची वा अधीक्षकाची समजूत एवढीच लागते.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: थकवा कोणाला नाही? उद्या प्रत्येकजण थकव्याचे कारण पुढे करील! आक्षेप अगदीच निराधार नाही. कामचुकार माणसे सर्वत्र असतात. परंतु कामचुकार माणसाला रक्ताच्या तपासण्या, तज्ज्ञांच्या चिठ्ठ्या आणि आठवड्याची मळमळ यांचे ओझे पेलावे लागत नाही. या आजाराचे निदान कागदोपत्री असते. शिवाय अनुभव असा की असे रुग्ण सवलत मागण्यापेक्षा आजार लपविण्याकडेच झुकतात. लग्न, बढती, बदली या सर्वांवर त्याची सावली पडेल ही धास्ती त्यांना असते. चार लबाडांच्या भीतीने चाळीस प्रामाणिकांना जिने चढायला लावणे हा शिस्तीचा मार्ग नव्हे.

रुग्णांच्या हातीही काही आहे. युरोपातील तज्ज्ञांनी २०२३ मध्ये या थकव्यासाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत नियमित व झेपेल असा व्यायाम आणि थकव्याशी जुळवून घेण्याचे मार्गदर्शन यांना महत्त्व दिले आहे. दमलेल्या माणसाला चालायला सांगणे विचित्र वाटेल. पण पाम बीच रस्त्याच्या कडेने किंवा नेरुळच्या उद्यानात रोज थोडे, ठरवून चालणे हे पडून राहण्यापेक्षा गुणकारी ठरते. बरे वाटलेल्या दिवशी आठवड्याची सारी कामे उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, ही सवय सोडून कामे वाटून घेणे हाही उपचारच आहे. मात्र कामे वाटून घ्यायची तर घेणारेही हवेत. घरातील धुणे, पाणी आणि स्वयंपाक यांची वाटणी न बदलता बाईला ‘विश्रांती घे’ म्हणून सांगणे, हा उपदेश फुकटचा असतो.

संधिवात समूळ नाहीसा करणारे औषध आज नाही. तो आटोक्यात ठेवणारी औषधे मात्र आहेत आणि त्यांतील प्रमुख औषधे सामान्य माणसाच्या आवाक्यातील आहेत. ती त्याने सोडू नयेत अशी इच्छा असेल, तर त्यांचा त्रास ऐकून घेणारे कान दवाखान्यात, कचेरीत आणि घरात तयार झाले पाहिजेत. ‘कसे काय, बरे आहे ना?’ असे सोमवारी सकाळी विचारले जाते आणि ‘बरे आहे’ असे उत्तर येते. त्या उत्तरामागे पूर्ण गेलेला एक रविवार असू शकतो, एवढी जाणीव विचारणाऱ्याला झाली तरी आरंभ चांगला झाला असे म्हणता येईल.